‘टायटन’ दुर्घटना : खोल समुद्रातील पर्यटनाची किंमत

उत्तर अटलांटिक महासागरात १८ जून २०२३ रोजी सकाळी ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी पाच जणांना घेऊन ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी पाण्याखाली उतरली. सुमारे पावणेदोन तासांनी ‘पोलर प्रिन्स’ या मदतनौकेशी तिचा संपर्क तुटला. त्यानंतरचे चार दिवस जगभरातील वाहिन्या पाणबुडीत किती तासांचा प्राणवायू शिल्लक आहे, याची मोजदाद करीत राहिल्या. प्रत्यक्षात संपर्क तुटला त्याच सुमारास पाचही जणांचा अंत झालेला होता. २२ जून रोजी दूरनियंत्रित यंत्राला ‘टायटॅनिक’च्या पुढील भागापासून सुमारे पाचशे मीटरवर समुद्रतळाशी ‘टायटन’चे तुकडे आढळले.

‘ओशनगेट’ या अमेरिकी कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश हे स्वतः पाणबुडी चालवीत होते. ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, पाकिस्तानी वंशाचे ब्रिटिश उद्योगपती शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा तसेच ‘टायटॅनिक’चे फ्रेंच अभ्यासक पॉल-आंरी नार्जोले हे अन्य चौघे होते. या सफरीतील एका जागेचे मूल्य अडीच लाख डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने दोन कोटी रुपयांहून अधिक होते.

‘टायटॅनिक’ सुमारे ३,८०० मीटर खोलीवर विसावले आहे. तेथे पाण्याचा दाब भूपृष्ठावरील हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट असतो. इतक्या दाबाखाली कवच निकामी झाले तर पाणी हळूहळू आत शिरत नाही. संपूर्ण कवचच क्षणार्धात आतल्या बाजूला चिरडले जाते. त्याला अंतःस्फोट म्हणतात. आत बसलेल्यांना काय घडले हे कळण्याइतकाही अवधी मिळत नाही.

अशा दाबाला सर्वांत चांगले तोंड देतो तो धातूचा गोल, कारण त्यावर भार सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. अमेरिकेची ‘आल्विन’, फ्रान्सची ‘नॉटिल’, रशियाच्या ‘मीर’ या साऱ्यांनी हाच मार्ग पत्करला. ‘मीर’मधून तर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हौशी पर्यटकही ‘टायटॅनिक’पर्यंत सुखरूप जाऊन आले. भारताच्या ‘समुद्रयान’ मोहिमेसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीचा आराखडाही तसाच आहे : २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोल, आणि माणसे तीन.

नेमका हाच आकडा व्यवसायाच्या आड येतो. गोलात जेमतेम तिघे मावतात आणि त्यातला एक चालक असतो. ‘टायटन’मध्ये पाच जण बसत, कारण तिचे कवच नळकांड्याच्या आकाराचे होते. वजन कमी राहावे म्हणून ते कार्बन फायबरचे केले होते आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल बसवले होते. कार्बन फायबर विमानांतही वापरतात, असा युक्तिवाद ऐकू येतो. मात्र विमानात दाब आतून बाहेर असतो आणि ताण सोसण्यात हे तंतू वाकबगार असतात. समुद्रात दाब बाहेरून आत येतो. अशा दाबाच्या वारंवार आवर्तनांनी या पदार्थाचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि ही झीज वरून दिसत नाही.

धोक्याची कल्पना कोणालाच नव्हती, असे म्हणण्यास मात्र अजिबात वाव नाही. कंपनीचे सागरी कामकाज संचालक डेव्हिड लॉक्रिज यांनी जानेवारी २०१८ मध्ये कवचाच्या सुरक्षिततेबद्दल लेखी आक्षेप नोंदवले; त्यांना नोकरी गमवावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातील तीन डझनांहून अधिक तज्ज्ञांनी रश यांना उद्देशून पत्र तयार केले आणि त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणीकरण न करता पुढे जाण्याचे परिणाम गंभीर असू शकतील, असे बजावले. पहिल्या कवचाला तडा गेल्याने ते बदलावे लागले. जुलै २०२२ मध्ये दुसऱ्या कवचातूनही मोठा आवाज झाला. त्यानंतर कवचावरील संवेदकांच्या नोंदी बदलल्या. तरीही सफरी सुरूच राहिल्या. पुढचा हिवाळा पाणबुडीने कॅनडातील सेंट जॉन्स येथे उघड्यावर काढला.

प्रमाणीकरणामुळे नवनिर्मितीला खीळ बसते, अशी कंपनीची भूमिका होती. ही भूमिका कायद्याच्या कचाट्यात सापडली नाही, याचे कारण जागेच्या निवडीत आहे. ‘टायटॅनिक’ खुल्या समुद्रात आहे. तेथे कोणत्याही एका देशाचा कायदा चालत नाही. ‘टायटन’ कोणत्याच देशाकडे नोंदलेली नव्हती. प्रवाशांना कागदोपत्री ‘मोहीम तज्ज्ञ’ म्हटले जाई आणि त्यांच्याकडून मृत्यूच्या शक्यतेचा उल्लेख असलेल्या संमतिपत्रावर सही घेतली जाई. पण कोट्यवधी रुपये मोजणाऱ्याला कवचाच्या नोंदींतील बदल ठाऊक नसेल, तर त्याने नेमकी कशाला संमती दिली?

शोधमोहिमेत अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्सची विमाने व जहाजे उतरली. अमेरिकी तटरक्षक दल बचावकार्याचे पैसे आकारत नाही. तो भार करदात्यांवर पडतो. अमेरिकी नौदलाच्या ध्वनियंत्रणेने अंतःस्फोटाशी जुळणारा आवाज पहिल्याच दिवशी टिपला होता, हे नंतर उघड झाले. याच्या चारच दिवस आधी, १४ जून रोजी, ग्रीसजवळ स्थलांतरितांनी खच्चून भरलेली ‘अ‍ॅड्रियाना’ ही मासेमारी नौका बुडाली होती. तिच्यावर साडेसातशेपर्यंत माणसे असल्याचा अंदाज होता आणि १०४ जण वाचले. वाहिन्यांनी दोन्ही घटनांना दिलेल्या वेळेतील तफावतीवर तेव्हा टीका झाली आणि ती रास्तच होती.

‘ओशनगेट’ने जुलै २०२३ मध्ये सर्व सफरी थांबवल्या. नार्जोले यांच्या कुटुंबीयांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा अमेरिकेतील न्यायालयात दाखल केला. तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला. सदोष रचना, अपुरी तपासणी आणि आक्षेप घेणाऱ्यांना धाकात ठेवणारे कंपनीतील वातावरण यांवर त्यात बोट ठेवले आहे. रश हयात असते तर त्यांच्यावर फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण न्याय विभागाकडे पाठवले असते, असेही मंडळाने म्हटले आहे. अशा पाणबुड्यांसाठी देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय नियम कडक करण्याची शिफारसही त्यात आहे.

दरम्यान, मे २०२४ मध्ये अमेरिकी अब्जाधीश लॅरी कॉनर आणि ‘ट्रायटन’ या पाणबुडी उत्पादक कंपनीचे पॅट्रिक लाही यांनी दोन आसनी पाणबुडीतून ‘टायटॅनिक’पर्यंत जाण्याचा मनोदय जाहीर केला. काळजीपूर्वक बांधलेली पाणबुडी तेथे सुरक्षित जाऊ शकते, हे दाखवून देण्याचा आपला हेतू असल्याचे त्यांनी सांगितले होते.