पाणी कुठे मुरतंय? नुंगंबाक्कम, महागडी मोटार आणि वीज



आजची गोष्ट चेन्नईतल्या नुंगंबाक्कमची. महागडी गाडी, उंची वस्ती, आणि बटण दाबलं तरी डॅशबोर्डवर एकही दिवा न लागणं. अशा वेळी मालक म्हणतो, "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम आहे." हे निदान नाही. ताप आलाय म्हणण्यासारखं ते लक्षण झालं. खरं निदान करायचं तर दोन इतिहास उलगडावे लागतात, एक मोटारीतल्या विजेचा आणि दुसरा गाडी उभी आहे त्या जमिनीचा.

आधी जमीन. नुंगंबाक्कममध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली वेधशाळा उभारली. हिंदुस्थानच्या मोजणीत रेखांश ठरवताना हीच वेधशाळा आधाराला धरली गेली. आजही हवामान खातं चेन्नईचा पाऊस सांगतं तेव्हा एक आकडा नुंगंबाक्कमचा असतो. म्हणजे इथे पाणी मोजायची परंपरा सव्वादोनशे वर्षांची आहे. पाण्याला जागा ठेवायची परंपरा मात्र टिकली नाही. या भागात मोठा तलाव होता. तिथून दक्षिणेकडे मैलोन्‌मैल पसरलेल्या जुन्या तळ्यांच्या पट्ट्याचा तो भाग. १९२० च्या दशकात त्या पट्ट्यातला मोठा भाग बुजवून त्यागरायनगर, म्हणजे आजचं टी. नगर, वसवायला सुरुवात झाली. पुढे नुंगंबाक्कमचा तलावही गेला. १९७६ साली उभं राहिलेलं वळ्ळुवर कोट्टम त्या तलावाच्याच जागेवर आहे. नावं तेवढी उरली. 'लेक एरिया' आणि 'टँक बंड रोड' या पत्त्यांवर आज बंगले आणि इमारती आहेत. तलाव बुजला तरी उतार बदलत नाही. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, आणि त्या वाटेवर आता तळघरातलं पार्किंग आहे.

आता मोटार. मद्रासला मोटारीचं वेड फार जुनं. माउंट रोडवरच्या सिम्पसन कंपनीत सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बांधली. त्या काळच्या गाडीत विजेचं काम नावापुरतं असे. दिवे कार्बाइडचे किंवा तेलाचे, आणि इंजिन चालू करायला पुढून हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडलंच म्हणून समजा. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ-स्टार्टर अमेरिकेत १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडलचा जाच संपत गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मोटारीत वीज मोठ्या प्रमाणावर शिरली ती महागड्या गाडीतून, मालकाचे कष्ट वाचवायला. तेव्हापासून क्रम तोच आहे. नवी सोय आधी श्रीमंताच्या गाडीत येते, आणि तिच्याबरोबर नवा बिघाडही आधी तिथेच येतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या गाड्या ब्रिटिश वळणाच्या होत्या. त्यांची विजेची सामग्री बहुतेक लुकासची. सायकलच्या दिव्यांतून मोठी झालेली ही बर्मिंगहॅमची कंपनी. तिच्या वायरिंगवर इंग्रजांनीच इतके विनोद केले की जोसेफ लुकास यांना 'अंधाराचा राजपुत्र' असं नाव पडलं. १९६१ मध्ये लुकास आणि टीव्हीएस यांची भागीदारी झाली आणि मद्रासच्या पाडी भागात डायनॅमो, स्टार्टर बनू लागले. देशातल्या हजारो इलेक्ट्रिशियनांचा हात याच सामानावर बसला. त्यांची हत्यारं काय, तर एक टेस्ट लॅम्प, पक्कड आणि कान. वायरी मोजक्या आणि प्रत्येकीचं काम एकच. बॅटरीपासून दिव्यापर्यंत बोट ठेवत गेलं की तुटलेली जागा सापडायचीच.

मद्रासने स्वतःची महागडी गाडीही बनवून पाहिली. शहराबाहेर पेरुंगळत्तूरला स्टँडर्ड मोटर्सचा कारखाना होता. त्यांनी १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' काढली. अंग ब्रिटिश रोव्हर एसडी-१ चं, आणि आत जुन्या वळणाचं दोन लिटरचं इंजिन. मूळ रोव्हरबद्दलही ब्रिटनमध्ये बांधणीची आणि वायरिंगची कुरकुर होतीच. आपल्याकडे ही गाडी तीनेक वर्षांतच बंद पडली. वरून रुबाब आणि आत जुनाच संसार, हे फार दिवस चालत नाही.

खरा बदल आला १९९० नंतर. दिवे, काचा, कुलपं, ब्रेक, एसी, सगळ्यांना वेगवेगळ्या वायरी ओढत बसलं तर वायरींचा भारा अंगठ्याहून जाड व्हायला लागला. म्हणून बॉश कंपनीने १९८३ पासून एक पद्धत विकसित केली आणि १९८६ मध्ये ती जगापुढे मांडली. तिचं नाव 'कॅन'. पीळ दिलेल्या दोन तारा, आणि त्यांच्यावरून गाडीतले सगळे छोटे संगणक एकमेकांशी बोलणार. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती रस्त्यावर आली. पुढे मर्सिडीज १९९५ पासून आपल्या पुण्यात जोडली जाऊ लागली आणि २००७ मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईजवळ कारखाना काढला. आज मोठ्या गाडीत असे संगणक साठ-सत्तरपासून शंभरापर्यंत असतात.

सैन्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. ही सिग्नलची जाळी आहे. पूर्वी एक वायर तुटली तर एक दिवा विझायचा. आता एका कोपऱ्यातला संगणक ओला होऊन वेडंवाकडं बोलायला लागला तर सगळी लाइनच गप्प बसते. बिघाड मागच्या दिव्याच्या जोडणीत असतो आणि गाडी सांगते गिअरबॉक्सबद्दल. शिवाय अनेक महागड्या गाड्यांत बॅटरी मागच्या डिकीत किंवा सीटखाली असते आणि काही संगणक गालिच्याखाली. म्हणजे पाणी आधी पोचतं तिथेच. त्यात चेन्नईचा उकाडा बॅटरीचं आयुष्य कमी करतो आणि खारी हवा तांब्यावर हिरवा गंज चढवते.

हे दोन इतिहास एकमेकांवर आदळले ते डिसेंबर २०१५ मध्ये. १ डिसेंबरच्या चोवीस तासांत नुंगंबाक्कमला सुमारे २९ सेंटिमीटर पाऊस झाला, तांबरमला ४९. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर आठवत असेल, त्याच जातीचा हा प्रसंग. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचौंग वादळाने पुन्हा तेच केलं. दोन्ही वेळी साध्या आणि महागड्या गाड्या सारख्याच बुडाल्या, पण वाळल्यावर त्यांचं नशीब सारखं राहिलं नाही. साधी जुनी गाडी मेकॅनिकने उघडली, वाळवली, काही भाग बदलले आणि ती निघाली. संगणकांनी भरलेली गाडी आज चालू होते आणि काही आठवड्यांनी जोडणीतला गंज डोकं वर काढतो. दुरुस्तीचं बिल गाडीच्या उरलेल्या किमतीशी शर्यत लावतं, आणि विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' ठरवते.

इथे प्रश्न फक्त श्रीमंताच्या खिशाचा राहत नाही. माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर सुट्या भागांची दुकानं आहेत, पुदुपेट्टैत जुन्या गाड्या सोडवणारे कारागीर आहेत. अशी माणसं मुंबईच्या कुर्ल्यात आहेत, पुण्यात आहेत. त्यांच्याकडे हात आहे, डोकं आहे. नवी गाडी मात्र स्कॅनर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि काही गाड्यांत नुसती बॅटरी बदलली तरी संगणकाला तसं कळवावं लागतं. ती किल्ली कोणाकडे? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच प्रश्नावर निकाल दिला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, असं ठरवून चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली, लढाई लांबली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि तिच्या कामात मोटारींचाही समावेश केला.

आता थोडं कामाचं. गाडी पाण्यात उभी होती असं कळलं की बटण दाबून पाहू नका. इंजिनात पाणी असेल तर दांडे वाकतात, आणि ओल्या जोडण्यांतून करंट गेला की साधी ओल कायमचा बिघाड होते. आधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. जाणत्या माणसाकडून बॅटरीची जोडणी सोडवा आणि गाडी ओढत नेण्यापेक्षा सपाट ट्रकवर चढवून न्या. नेहमीच्या विम्यात इंजिनाचं असं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्याचं वेगळं कलम पावसाळ्याआधी घ्यावं लागतं. गॅरेजमध्ये गेल्यावर 'कुठला भाग बदलायचा' हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. बॅटरीचा व्होल्टेज किती? अर्थिंगच्या जोडण्या उघडून पाहिल्या का? कारण लाखाचा संगणक बदलल्यावर शेवटी गंजलेला एक बोल्ट सापडला, असं होऊ शकतं. दिलेली लेखी तपासणी जपून ठेवा. तो तुमच्या गाडीचा वैद्यकीय इतिहास आहे.

आपल्या भाषेत संशय आला की म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. नुंगंबाक्कममध्ये हे अक्षरशः खरं आहे. गाडीत पाणी गालिच्याखाली मुरतं, शहरात बुजवलेल्या तलावाच्या जागी मुरतं, आणि व्यवहारात ते बंद ठेवलेल्या माहितीत मुरतं. गाडीतलं मेकॅनिक शोधेल. उरलेल्या दोन जागा नागरिक म्हणून आपल्यालाच शोधायच्या आहेत. नवं घर घेताना तळघरातलं पार्किंग पाहाल, तेव्हा त्या रस्त्याचं जुनं नाव एकदा विचारून घ्या.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.