तिरंदाजी, कंपाउंड : बुलढाणा जिल्हा
कंपाउंड धनुष्याने ५० मी. अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याचा क्रीडाप्रकार. या धनुष्याचे एकस्व १९६९ मध्ये हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकनास मिळाले. टोकांवरील विकेंद्री चाकांमुळे प्रत्यंचा पूर्ण ताणल्यावर हातावरील भार बराच घटतो व नेम स्थिर धरता येतो. म्हणून हा प्रकार सोपा मानण्याचे कारण नाही. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंमी. व्यासाचे असते. प्रत्यंचा बोटांऐवजी हातातील खटक्याने सोडतात. खटका झटक्याने दाबल्यास बाण भरकटतो. पाठीचे स्नायू सावकाश आवळत तो सुटू देणे, हेच खरे कौशल्य होय.

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत तत्कालीन अग्रमानांकित डच तिरंदाज माइक श्लोसर याला १४९–१४८ असे हरविले. पंधरा बाणांत त्याचा एकच गुण गेला. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील एर्मोसियो येथे विश्वचषकाच्या अंतिम लढतीत डेन्मार्कच्या माथियास फुलरटनशी १४८–१४८ अशी बरोबरी झाली. निर्णायक बाणावरही दोघांना दहा गुण मिळाले. परंतु फुलरटनचा बाण केंद्राच्या अधिक निकट असल्याने प्रथमेशला रौप्यपदक मिळाले.