कवकजाल संमिश्र

शेतातला टाकाऊ वनस्पतिजन्य माल आणि जिवंत बुरशी यांपासून तयार होणारा, मातीत कुजणारा पदार्थ. पेंढा, गव्हाचे काड, भाताचे तूस किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या झाडांचा) भुगा बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याने, म्हणजे कवकजालाने, घट्ट बांधला जातो. वेगळी राळ लागत नाही. त्याचे सारे महत्त्व यातच आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले, ते मोलाचेच आहे. पण पार्टिकल बोर्डात भुगा सहसा कृत्रिम राळेने चिकटवलेला असतो आणि ती राळ सहजी कुजत नाही. तेव्हा कच्च्या मालाबरोबर बंधक कोणता, हेही पाहिलेच पाहिजे.

धिंगरी अळिंबी पिकवणाऱ्याला या पदार्थाची कृती ओळखीची वाटेल. काड बारीक कापून भिजवतात, वाफेने निर्जंतुक करतात आणि गार झाल्यावर त्यात धिंगरी किंवा गॅनोडर्मा या बुरशीचे स्पॉन (बियाणे) मिसळून साच्यात भरतात. साधारण २५° सेल्सिअस तापमानात, अंधारात, आठवड्या-दोन आठवड्यांत तंतू काडातले सेल्युलोज व लिग्निन खात सर्वत्र पसरतात. वर मऊ पांढरी साय धरते. वडी कापली की आत काडाचे तुकडे तंतूंत अडकलेले स्पष्ट दिसतात. हिरवा डाग उठला तर ट्रायकोडर्मा ही उपद्रवी बुरशी शिरली असे समजून तो साचा बाजूला काढतात. शेवटी भट्टीत वाळवून बुरशीची वाढ थांबवतात. ही वेळ साधण्यातच कसब आहे: घाई केली तर वडी भुसभुशीत राहते, उशीर झाला तर बुरशी काडच पोखरून टाकते.

अमेरिकेत एबेन बायर व गॅव्हिन मॅकिन्टायर यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘इकोव्हेटिव्ह’ कंपनीने या पदार्थाची वेष्टने बाजारात आणली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ संग्रहालयाच्या अंगणात मक्याची ताटे व कवकजाल यांच्या सुमारे १०,००० विटांचा ‘हाय-फाय’ मनोरा उभारला गेला. पुढे तो उतरवून विटांचे कंपोस्ट करण्यात आले.

हा पदार्थ हलका व उष्णतारोधक असतो, त्यामुळे थर्माकोलच्या जागी तो चांगला चालतो. पाणी शोषणे हा त्याचा मोठा दोष. कोकणातल्या दमट हवेत तो उघडा टाकून चालणार नाही. नाजूक मालाची वेष्टने आणि भिंतीतला कोरडा उष्णतारोधक थर ही त्याची आजची योग्य कामे होत. घराचा भार पेलणाऱ्या खांबा-तुळयांसाठी तो वापरू नये.