लिनक्स कर्नेलमधील पॅच-परीक्षण

लिनक्स कर्नेलमधील पॅच-परीक्षण म्हणजे लिनक्स या मुक्त स्रोत संचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये, होऊ घातलेला बदल स्वीकारण्यापूर्वी इतर विकसकांनी तो जाहीरपणे वाचून तपासण्याची पद्धत होय. या प्रकल्पाला सामाईक कार्यालय नाही. विकसक निरनिराळ्या देशांत राहतात, कोणी कंपनीच्या नोकरीत तर कोणी स्वेच्छेने काम करतात आणि अनेकांची परस्परांशी कधी प्रत्यक्ष भेटही होत नाही. परस्परांपासून दूर राहून काम करणाऱ्या गटात कोडचा दर्जा कसा राखला जातो, याचे हे दीर्घकाळ चाललेले आणि जवळजवळ संपूर्ण जाहीर नोंद उपलब्ध असलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी यूजनेटवरील एका चर्चागटात आपल्या प्रणालीची माहिती दिली. प्रारंभी लोक ईमेलने सुधारणा पाठवीत आणि टॉरवाल्ड्स स्वतः त्या वाचून मूळ कोडमध्ये समाविष्ट करीत. सुधारणांचा ओघ वाढला तसे एका व्यक्तीला सर्व वाचणे अशक्य झाले, आणि पाठविलेले बदल उत्तराविना हरवतात अशी तक्रार होऊ लागली. त्यातून कर्नेलचे विभाग, म्हणजेच उपप्रणाली, आणि त्या विभागांचे देखभालकर्ते अशी उतरंड रूढ झाली. २००२ पासून वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा टॉरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गिट हे साधन लिहिले. गिट आज जगभर वापरले जाते. मात्र त्याचा जन्म या एका प्रकल्पाच्या निकडीतून झाला, ही बाब अनेकदा विसरली जाते.

पॅचचा प्रवास

जुन्या आणि नव्या कोडमधील फरक दाखविणाऱ्या मजकुरास पॅच म्हणतात. तो साध्या मजकुराच्या ईमेलमधून, जोडपत्राविना, संबंधित देखभालकर्त्यास व ईमेल-सूचीस पाठवावा लागतो. जोडपत्र नको, या आग्रहामागे व्यावहारिक कारण आहे. शिक्षक वहीच्या समासात शेरा लिहितात, तसा परीक्षकाला आक्षेप असलेल्या ओळीखालीच आपला अभिप्राय लिहिता आला पाहिजे. हे अभिप्राय सर्वांना दिसतात आणि कायमचे जतन होतात. वर्षांनंतर येणाऱ्या नवख्या विकसकाला अमुक ओळ अशी का आहे, हे विचारण्यासाठी कोणाला गाठावे लागत नाही. तो जुना वाद वाचू शकतो.

एका पॅचमध्ये एकच सुसंगत बदल असावा आणि मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नेल बांधता व चालविता आले पाहिजे, असा नियम आहे. दोष नेमक्या कोणत्या बदलातून शिरला हे नंतर शोधताना त्याचा उपयोग होतो. पॅचसोबतच्या टिपणात बदल का आवश्यक आहे, हे लिहिणे बंधनकारक मानले जाते. काय बदलले ते कोडच सांगतो, कारण मात्र सांगत नाही. आक्षेप आल्यास सुधारित पॅच दुसरी, तिसरी आवृत्ती म्हणून पुन्हा पाठविला जातो. अवघड विषयांत ही संख्या दहाच्या पुढेही जाते. लेखनशैलीचेही लिखित नियम आहेत. ओळीच्या प्रारंभीची एक पायरी आठ अक्षरांइतकी असावी आणि तीनहून अधिक पायऱ्या लागत असतील तर कोडची रचनाच सुधारावी, असे ते सांगतात. असे शैलीदोष बव्हंशी यंत्रच दाखविते. त्यामुळे माणसांचे लक्ष आशयावर राहते.

सह्या

कोडच्या मालकीवरून एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमविरुद्ध दावा दाखल केला. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहिण्याची प्रथा सुरू झाली. हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. पॅच ज्या देखभालकर्त्यांच्या हातून पुढे जातो, तेही आपली ओळ जोडतात. वाचून पाहणाऱ्याची व चाचणी घेणाऱ्याची ओळ वेगळी असते. अशा रीतीने कामाचे श्रेय आणि दोषाची जबाबदारी दोन्ही नावानिशी नोंदली जातात.

भाषा आणि वर्तन

अभिप्रायांची भाषा दीर्घकाळ कठोर, प्रसंगी अपमानास्पद होती, आणि त्यात टॉरवाल्ड्स यांचाही वाटा होता. समोरासमोर बोलताना स्वर आणि चेहरा शब्दांची धार कमी करतात. केवळ अक्षरांवर चालणाऱ्या व्यवहारात ती सोय नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली व काही आठवडे कामातून विश्रांती घेतली. त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली.

मिनेसोटा प्रकरण

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी परीक्षणाची कसोटी पाहण्यासाठी २०२० मध्ये टोपणनावांनी सदोष पॅच पाठविले होते. शोधनिबंधामुळे हे उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच नाकारण्याचे जाहीर केले. विद्यापीठाच्या पत्त्यांवरून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल स्वयंसेवकांनी पुन्हा वाचले. त्यांतील बहुसंख्य योग्य निघाले. निबंध मागे घेण्यात आला. परीक्षक चुका शोधतो, पण पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे असे तो गृहीत धरतो. या प्रकरणाने नेमक्या त्याच गृहीतावर बोट ठेवले.

मर्यादा

पुरेसे डोळे असतील तर कोणताही दोष लपत नाही, असे मुक्त स्रोताविषयी म्हटले जाते. हे डोळे मिळणे हीच अडचण आहे. ओपनएसएसएल या दुसऱ्या मुक्त प्रकल्पातील ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१२ मध्ये प्रसृत झालेल्या आवृत्तीतून जगभर पसरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. कोड सर्वांना खुला होता, पण तो बारकाईने वाचणारे मोजकेच होते. लिनक्समध्ये अलीकडे प्रत्येक आवृत्तीत, म्हणजे साधारण नऊ ते दहा आठवड्यांत, दहा हजारांहून अधिक बदल समाविष्ट होतात. नवा कोड लिहिण्यासाठी कंपन्या वेतन देतात. दुसऱ्याचा कोड वाचण्यासाठी तितक्या तत्परतेने देत नाहीत. दीर्घकालीन आवृत्त्यांची देखभाल सहा वर्षांऐवजी पुन्हा दोन वर्षेच केली जाईल, असे २०२३ मध्ये सांगण्यात आले. जुन्या आवृत्त्यांचा अल्प वापर आणि देखभालकर्त्यांवरील ताण ही त्याची कारणे होती.