लपंडाव खेळणारा दोष : कांचेच्या पडद्याच्या दुरुस्तीचा इतिहास

1 जुलै 1998 रोजीं अकोला जिल्ह्याचें विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाकाटकांच्या एका शाखेची वत्सगुल्म ही राजधानी ज्या ठिकाणीं होती, तेंच हें नगर. नव्या जिल्ह्याचीं दप्तरें सजूं लागलीं तीं संगणकाच्या काळांत, आणि त्या काळचा संगणकाचा पडदा म्हणजे मागें लांबवर फुगलेली, उचलतांना दोन्ही हात गुंतविणारी जड कांचेची नलिका होती. त्या नलिकेच्या यंत्रणेला एक विचित्र व्याधि जडत असे. चित्र एकाएकीं आंखडे, थरथरे, क्षणभर काळोख होई. पेटीवर थाप मारतांच सारें पूर्ववत्. कारागिरास बोलवावें, तर त्याच्यासमोर यंत्र तासभर निर्दोष चाले! वैदू दारीं येतांच ताप उतरावा, तशांतलाच हा प्रकार.

या व्याधीचें मूळ शोधावयाचें तर शंभर वर्षें मागें जावें लागतें. 1897 सालीं जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यानें ऋणकिरण नलिकेचा उपयोग विजेच्या लहरी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून केला. त्याच वर्षीं इंग्लंडांत जे. जे. थॉमसन यानें हे किरण म्हणजे ऋणविद्युत्कणांचा प्रवाह होय असें सिद्ध केलें. निर्वात नलिकेंतून धांवणारा हा झोत चुंबकानें वळवितां येतो व कांचेवरील लेपावर आदळतांच उजेड पाडतो. चित्रवाणीचा पडदा आणि संगणकाचा पडदा हीं दोन्हीं याच एका युक्तीचीं अपत्यें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला टिफरॅक हा संगणक 1960 सालीं पूर्ण कामास लागला. त्यांत सुमारें 2,700 निर्वात नलिका होत्या, आणि आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं ऋणकिरण नलिकेचा पडदाही जोडलेला होता. इतक्या नलिका एकत्र नांदूं लागल्या कीं त्यांतील एखादी रुसणारच. अमेरिकेंत 1946 सालीं जगापुढें आलेल्या एनिॲकमध्यें तर सुमारें 18,000 नलिका होत्या. तेथील तंत्रज्ञांना लौकरच एक गोष्ट उमगली : नलिका बहुधा चालतांना मरत नसत, यंत्र तापतांना किंवा निवतांना मरत. म्हणून तें यंत्र शक्यतों बंदच करावयाचें नाहीं, अशी रीत पडली. पुढें मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांतील व्हर्लविंड या संगणकावर याहून धीट उपाय योजिला गेला. विजेचा दाब मुद्दाम कमीअधिक करून दुबळी नलिका आधींच उघडी पाडावयाची व ती काढून टाकावयाची. लपलेल्या दोषाची वाट पाहत बसण्याऐवजीं त्याला चिथावून बाहेर काढावें, ही कल्पना खरोखर मोठी होती. शहाणे कारागीर आजही तीच वापरतात.

ट्रान्झिस्टर आले आणि बहुतेक नलिका गेल्या. पडद्याची तेवढी उरली. परंतु दोष गेला नाहीं, त्यानें बिऱ्हाड बदललें. आतां तो छापील तांब्याच्या पट्टीवरील डाखांत राहूं लागला. शिसें व कथील यांचा हा डाख धातूला धरून ठेवतो खरा. पण तांबें, पोलाद व डाख तापल्यावर सारख्या प्रमाणांत प्रसरण पावत नाहींत. जेथें भाग जड आणि उष्णता अधिक, तेथें रोजच्या तापण्या-निवण्यानें पिनेभोंवतीं केसासारखी गोल भेग पडते. मॉनिटरांतील असें स्थान म्हणजे झोताला आडवा वळविणारें मंडल आणि ई. एच. टी. या नांवानें ओळखला जाणारा ट्रान्सफॉर्मर. भारतीय चित्रवाणीचा झोत सेकंदांत 15,625 आडव्या रेषा काढी, तर संगणकाच्या साध्या रंगीत पडद्यावर त्या 31,000 वर जात. वऱ्हाडांतील उन्हाळा या कामीं कांहीं कमी हातभार लावीत नाहीं. अशा निसटत्या जोडाला दुकानांत ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

जाणता कारागीर पेटी उघडण्यापूर्वीं विचारपूस करतो. दोष यंत्र सुरू होतांच येतो, कीं अर्ध्या तासानें? एखादा रंगच नाहींसा होतो काय? पांढरें पिवळें दिसलें तर निळा गेला, गुलाबी-जांभळें दिसलें तर हिरवा. तेव्हां आधीं तारेची गुडदी हलवून पहावी. आणि पडदा दुसऱ्या संगणकास जोडून पहावा, म्हणजे निम्मा संशय फिटतो. मग कोरड्या लांकडी काठीनें एकेक भाग हळूच ठोकणें, संशयित जागा मुद्दाम ऊन किंवा गार करून पाहणें, आणि शेवटीं भिंग लावून भेग शोधणें. जुना डाख काढून, पीन स्वच्छ करून, राळेसह नवा डाख घालावा. जुन्यालाच नुसता चटका दिला तर तो पुन्हां दगा देतो. पाटीच्या पाटीच बदलणाऱ्यांस दोष सांपडलेला नसतो, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

या कामांत जीव जाण्याचा धोका होता. रंगीत नलिकेला सुमारें 25,000 व्होल्ट दाब लागे. शिवाय नलिकेच्या कांचेला आंतबाहेर वीजवाहक लेप असतो. दोन वाहकांमध्यें कांच, ही तर 1746 सालच्या सुप्रसिद्ध लायडेन बरणीचीच रचना! त्यामुळें वीज तोडल्यावरही भार तासन् तास टिकतो, आणि एकदां काढून टाकल्यावर थोडा पुन्हां उद्भवतो. म्हणून एक हात पाठीमागें ठेवून काम करावयाचें, ही जुन्या कारागिरांची शिस्त. ती भित्रेपणाची खूण नव्हे. विजेचा मार्ग एका हातांतून दुसऱ्या हातांत, म्हणजे हृदयावरून, जाऊं नये, हा तिचा हेतु.

पुढें सपाट पडदे आले आणि कांचेच्या नलिका अडगळींत पडल्या. त्यांच्या कांचेंत क्ष-किरण अडविण्यासाठीं घातलेलें शिसें असतें. ती फोडून उकिरड्यावर टाकणें घातक. भारतांत विद्युत्-कचऱ्याचे नियम 2011 सालीं झाले व 1 मे 2012 पासून लागू झाले. परंतु भंगाराच्या ढिगांत तांब्यासाठीं हातोडा आधीं पडतो तो बहुधा नलिकेच्या मानेवरच.