गर्भाशयविदारण : अडलेल्या प्रसूतीपासून शस्त्रक्रियेच्या व्रणापर्यंत

प्रसूतिशास्त्राचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेच्या विजयाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. गर्भाशयविदारण, म्हणजे प्रसूतिकाळी गर्भाशय फाटणे, या आपत्तीचा मागोवा घेतला असता हे चित्र अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकात या आपत्तीचे एक प्रमुख कारण स्त्रीच्या अरुंद कटिभागात होते. पुढे ते तिला वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेच्या व्रणातही दिसू लागले.

व्हिएन्ना येथील लुडविग बांडल यांनी १८७५ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाचा मार्ग अडला की कळांबरोबर गर्भाशयाचा वरचा भाग आकसून जाड होतो व खालचा ताणून पातळ होत जातो, हे त्यांनी विशद केले. दोहोंच्या सीमेवरील, वर वर चढत जाणारे वळ आज 'बांडलचे वलय' म्हणून ओळखले जाते. ती पूर्वसूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास पातळ भाग फाटतो. ज्या कळांनी स्त्री कासावीस झालेली असते त्या अनेकदा एकाएकी थांबतात. भोवतालच्यांना सुटका झाल्याचा भास व्हावा, अशी ती शांतता असते. वस्तुतः मूल उदरपोकळीत सरकलेले असते, वार सुटलेली असते आणि मातेचा रक्तस्राव आतल्या आत चालू असतो. बाहेर रक्त थोडेच दिसते.

कटिभाग अरुंद होण्यामागे पुष्कळदा मुडदूस असे. ग्लासगोसारख्या धुरकट औद्योगिक शहरात ऊन व सकस आहार यांना मुकलेल्या मुलींची हाडे वाकत, आणि त्याची किंमत त्यांना पहिल्या बाळंतपणात मोजावी लागे. सिझेरियन हा उपाय होता. परंतु गर्भाशयाची जखम बहुधा टाके न घालताच सोडली जाई, त्यामुळे रक्तस्राव व जंतुदोष यांनी माता दगावत. पाविया येथे एदुआर्दो पोरो यांनी १८७६ मध्ये मूल काढून गर्भाशयच कापून टाकले. माता व मुलगी दोघी वाचल्या. पुढील मातृत्व मात्र संपले. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीची तार व रेशीम वापरून गर्भाशय शिवण्याची पद्धती मांडली. ग्लासगोत मर्डॉक कॅमेरॉन यांनी १८८८ मध्ये यशस्वी सिझेरियन केले.

गर्भाशय राखले गेले म्हणून पुढची गर्भधारणा शक्य झाली, आणि त्याच कारणाने जुना व्रण फाटण्याचा धोकाही निर्माण झाला. न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये, एकदा सिझेरियन झाले की पुढेही तेच करावे लागते, असे म्हटले. हे वाक्य पुढे नियमासारखे वापरले गेले. क्रेगिन यांचा रोख मात्र अनावश्यक पहिल्या शस्त्रक्रियेविरुद्ध होता, याचा सोयीस्कर विसर पडला. त्या काळचा छेद गर्भाशयाच्या वरच्या, जोराने आकसणाऱ्या भागावर उभा असे. ग्लासगोच्याच मन्रो केर यांनी खालच्या भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण कळांमध्ये पुष्कळच कमी वेळा फाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील आढाव्यानुसार विकसित देशांत बहुतेक विदारणे पूर्वीच्या सिझेरियननंतरची असतात. गरीब देशांत अडलेली प्रसूती व वेळेवर न मिळणारी शस्त्रक्रिया हे जुनेच कारण ठळक राहिले. एकीकडे शस्त्रक्रियेचा व्रण, दुसरीकडे तिचाच अभाव. नोंदवहीत मात्र दोन्ही घटना एकाच नावाखाली जमा होतात. म्हणूनच व्रण असलेल्या व नसलेल्या गर्भाशयांची गणना वेगळी ठेवण्याची शिफारस त्या आढाव्यात केली गेली.