मेलिऑइडोसिस

मेलिऑइडोसिस किंवा व्हिटमोरचा रोग हा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जिवाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. हा जिवाणू उष्ण कटिबंधातील माती व साचलेल्या पाण्यात राहतो आणि त्वचेवरील जखमा, श्वास किंवा दूषित पाणी यांवाटे शरीरात शिरतो. आग्नेय आशिया व उत्तर ऑस्ट्रेलिया येथे हा रोग प्रामुख्याने आढळतो. भारतात पश्चिम किनारपट्टीसह अनेक भागांतून रुग्णांची नोंद झाली आहे. पावसाळ्यात रुग्णसंख्या वाढते. मधुमेह हा सर्वांत महत्त्वाचा जोखीम घटक असून भातशेतीत चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना धोका अधिक असतो.

इतिहास

१९११ साली रंगून येथे आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनात हा रोग प्रथम आढळला. १९१२ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

निदानातील अडचणी

या रोगाचे स्वतःचे असे एकही खास लक्षण नाही. ताप, न्यूमोनिया, यकृत व प्लीहेतील गळू, सांधेदुखी किंवा त्वचेवरील व्रण अशा विविध रूपांत तो प्रकट होतो. दीर्घकालीन स्वरूपात खोकला व वजनातील घट दिसल्याने क्षयरोगाचा समज होतो आणि रुग्णावर कित्येक महिने चुकीचे उपचार होतात. काही व्यक्तींत जिवाणू अनेक वर्षे सुप्त राहतो; त्यामुळे जुन्या संसर्गाचा संबंध सहज लक्षात येत नाही.

जिवाणूसंवर्धन ही निदानाची प्रमाण पद्धत आहे. परंतु तिच्यातून सुमारे ६० टक्के रुग्णांचेच निदान होते. अहवालास काही दिवस लागतात, तर जंतुदोष रक्तात पसरलेला रुग्ण त्याआधीच दगावू शकतो. अनुभव नसलेल्या प्रयोगशाळेत हा जिवाणू स्यूडोमोनास किंवा बाहेरून मिसळलेला निरुपद्रवी जंतू समजून दुर्लक्षिला जातो. जंतू जेंटामायसिन व कोलिस्टिन यांना दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला संवेदनशील असतो, ही बाब संशयास पुरेशी ठरते. ॲशडाउन माध्यमावर त्याची वाढ ओळखणे सोपे जाते. रोगप्रवण प्रदेशात निरोगी व्यक्तींच्या रक्तातही प्रतिपिंडे आढळत असल्याने केवळ रक्तातील प्रतिपिंड चाचणीवर विसंबता येत नाही.

उपचार

प्रथम किमान १० ते १४ दिवस सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेवाटे देतात. त्यानंतर रोग उलटू नये म्हणून किमान तीन महिने को-ट्रायमॉक्सॅझोल दिले जाते. न्यूमोनियावर नेहमी वापरली जाणारी अनेक प्रतिजैविके येथे निष्प्रभ ठरतात. म्हणूनच पावसाळ्यात मधुमेही रुग्णास तीव्र ताप आल्यास या रोगाची शंका वेळीच घेणे जीवरक्षक ठरते.